जुन्या विलीज जीपचा क्लच: प्लेट मागवण्याआधी या चुका टाळा

पहिला गिअर टाकताना खर्रर्र वाजलं की जुन्या जीपचा नवा मालक आधी क्लच प्लेट मागवतो. खोक्याचे फोटो काढतो, मग मला फोन. प्लेट गेलेली असूही शकते. पण १९५३ साली आलेल्या विलीजच्या सीजे-३बी मॉडेलात क्लचला हायड्रॉलिकची, म्हणजे तेलाच्या दाबाची, भानगडच नाही. पेडल, आडवी नळी, केबल, फोर्क (केबलने ओढला जाणारा दुपाखी लिव्हर), रिलीज बेअरिंग (फोर्क ज्याला पुढे ढकलतो ते), सगळं एकमेकांना ओढत-ढकलत चालतं. इतक्या वर्षांत एकेका सांध्यात थोडं थोडं झिजतं आणि पेडलची चाल वाटेतच मुरते.

कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी दोन प्लेटा जाळून तिसरी आणली होती. ‘‘काका, ही चांगली आहे, महागातली.’’ म्हटलं, राहू द्या खोक्यात. गाडीखाली आडवा झालो आणि त्यांना पेडल हळूहळू दाबायला लावलं. आडवी नळी फिरण्याआधी चक्क तिरकी होत होती. तिच्या टोकाचा बॉल झिजून चपटा, वाटीत नावालाही ग्रीस नाही. पिन काढली तर मधोमध डमरूसारखी बारीक, आणि लिव्हरचं भोक लांबट.

आता यावर आधीच्या मिस्त्रीने काय केलं होतं? क्लच सुटत नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही, म्हणून केबलचा नट आवळला. पुन्हा सुटेना, पुन्हा आवळला. पेडलचा फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीची मोकळी चाल, शून्य. म्हणजे रिलीज बेअरिंग कायम प्रेशर प्लेटच्या बोटांना चिकटून फिरतंय, क्लच प्लेट घट्ट धरणारी ही प्रेशर प्लेट अर्धवट सुटलेली, क्लच घसरतोय, आणि खंबाटकी चढताना जळका वास. नट आवळायला पाच मिनिटं लागतात, हाच त्याचा दोष.

मी भोकं वेल्डने भरून मापात ड्रिल केली, पिना नव्या केल्या, बॉल आणि वाटी बदलली. जुनी प्लेट काळीनिळी पडलेली, त्यामुळे तिसरी बसवावी लागलीच. मग नट सैल करत पेडलला एक इंच मोकळी चाल ठेवली. मी लाकडी फूटपट्टी पायाखालच्या फळीवर टेकवून मोजतो. ‘अंदाजाने इंचभर’ म्हणणाऱ्यांचा इंच पायागणिक बदलतो.

दुसरी माझी खाज म्हणजे पायलट बुश. इंजिनाची ताकद गिअरबॉक्सात नेणाऱ्या इनपुट शाफ्टचं टोक इंजिनाच्या मागच्या बाजूला ज्यात टेकतं, तो हा. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) एकत्र उतरवायचं म्हणजे दोन माणसांची कंबर जाते, आणि एवढं करून लोक तो बोटाएवढा बुश तसाच ठेवतात! तो अडकला तर पेडल पूर्ण दाबूनही इनपुट शाफ्ट इंजिनाबरोबर फिरत राहतो आणि गिअर वाजतात. छिन्नीने फोडायला जाऊ नका. बुशच्या भोकात ग्रीस ठासून भरा, घट्ट बसणारा रॉड लावून हातोडा मारा. ग्रीसच त्याला मागून ढकलून बाहेर काढतं. मग ते ग्रीस चिंधीने पूर्ण पुसा. नवा बुश तेल शोषणाऱ्या ब्राँझचा असेल तर मी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवतो. ‘‘आजच गाडी हवी’’ म्हणणाऱ्याला मी चहा पाजतो, गाडी उद्याच.

बाकी थोडक्यात. तेल प्यायलेली लायनिंग (प्लेटवरचा घासणारा थर) पेट्रोलने धुऊन सुधारत नाही. आधी गळती शोधा, मग लायनिंग बदला. हबची (प्लेटच्या मधल्या भागाची) लांब बाजू कुठल्या अंगाला होती ते उतरवतानाच खडूने लिहा. प्लेट मध्यावर आणायला जुना इनपुट शाफ्ट वापरा, डोळ्यांवर भरवसा नको. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. गिअरबॉक्स काढताना इंजिनाच्या मागच्या बाजूला जॅक हवाच, कारण तिथला आधार गिअरबॉक्सच देतो. आणि बसवताना गिअरबॉक्सचं वजन क्षणभरही प्लेटच्या हबवर लटकू देऊ नका, हब वाकतो.

जुन्या लायनिंगमध्ये अॅसबेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसांना घातक. कॉम्प्रेसरची हवा मारून बेल हाउसिंग (क्लचभोवतीचं कवच) साफ करणाऱ्या पोराच्या हातातून मी नळी काढून घेतो आणि ओला फडका देतो.