कॉलेजच्या निवडणुकीसाठी मुद्दे कुठून काढायचे?

'सर्वांगीण विकास', 'विद्यार्थ्यांचा आवाज' हे शब्द आधी वहीतून खोडा. त्यावर कुणी मत देत नाही. पोरं जिथं ताटकळतात तिथं मुद्दे सापडतात: ग्रंथालयाची खिडकी, फीची रांग, सांगलीचं एसटी स्टँड.

दोन दिवस फिरून निदान 30 जणांना विचारा. त्यात दहा तरी पहिल्या वर्षाचे हवेत आणि निम्मे तासगाव, आष्टा, पलूसकडून रोज ये-जा करणारे. नुसत्या आपल्या ग्रुपला विचारलं तर कँटीनच्या चहापलीकडे काही निघत नाही. "काही अडचण आहे का?" म्हटलं की "नाही, बरं चाललंय" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा "मागच्या आठवड्यात कशासाठी खेटे घातलेस?" असं विचारा. मग नेमका कागद, नेमकी खिडकी कळते. एकच गोष्ट पाच जणांनी आपणहून सांगितली की ती वहीत घ्या.

आता प्रत्येक मुद्द्यापुढे लिहा: हे कुणाच्या हातात आहे? बहुतेक जाहीरनामे इथंच आपटतात. समजा, तासगावची पोरं बस गाठायला शेवटचं प्रॅक्टिकल अर्धवट टाकून पळतात. "बस वाढवू" हे आश्वासन पोकळ, कारण फेऱ्या एसटी ठरवते. "ये-जा करणाऱ्यांची बॅच सकाळी घ्या, असं सह्यांचं पत्र पहिल्याच महिन्यात विभागप्रमुखांना देऊ" हे जमण्यासारखं आहे. पण जाहीर करण्याआधी विभागप्रमुखांना भेटून या. सकाळी लॅब रिकामी नसेल तर मुद्दा तिथंच सोडा.

शेवटी तीनच ठेवा. एक बिनपैशाचा आणि महिन्याभरात होणारा, एक मुलींनी स्वतः सांगितलेला, एक मोठा. (पॅडचं मशीन बसवू असं सगळेच लिहितात, ते दर आठवड्याला भरणार कोण, हे कुणी लिहीत नाही.)

प्रचाराची कल्पना लढवताना विद्यार्थी निवडणुका कशा घ्याव्यात हे सुचवणाऱ्या लिंगडोह समितीच्या 2006 च्या शिफारशी समोर ठेवा: उमेदवारामागे खर्च 5,000 रुपयांपर्यंत, छापील पोस्टर नाही, हातानं केलेलं चालतं आणि तेही ठरवून दिलेल्या जागीच. म्हणजे फ्लेक्स बाद, कितीही जिवावर आलं तरी. कॉलेजची नोटीस याहून कडक असेल तर ती पाळायची. कार्डशीटवर जाड मार्करनं सहा-सात शब्द पुरे: 'तासगावकरांची बॅच सकाळी हवी'. वर्गात जेमतेम दोन मिनिटं मिळतात, तेव्हा एकच मुद्दा बोला आणि वर्गागणिक तो बदला. कार्डशीटचीसुद्धा पावती जपून ठेवा. निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब द्यावा लागतो.