रंगकामासाठी ब्रश आणि रोलर निवडताना

नागपुरात दिवाळीच्या तोंडावर इतवारीत रंगाचे सामान घ्यायला जाणारे बहुतेक जण रंगाची छटा ठरवण्यात तासभर घालवतात आणि ब्रश मात्र दुकानदार देईल तो उचलतात. ब्रश हातात घेऊन त्याचे केस तळहातावर दाबावेत व हलके ओढून पाहावेत. दोन-चार केस गळाले तर हरकत नाही, पण झुपकाच हातात आला तर तो ब्रश परत ठेवावा, कारण तेच केस पुढे भिंतीवर चिकटलेले दिसतात. केसांची टोके किंचित फाटलेली असली, तर रंग जास्त धरला जातो आणि रेघा कमी उमटतात. पाण्यात मिसळणाऱ्या इमल्शनसाठी कृत्रिम केसांचा ब्रश घ्यावा, कारण नैसर्गिक केस पाणी शोषून मऊ पडतात. दारे-खिडक्यांच्या ऑइल पेंटला मात्र तेच शोभतात. कोपऱ्यांसाठी २ इंची, तर मोठ्या भिंतीसाठी ९ इंची रोलर पुरतो. गुळगुळीत भिंतीला आखूड लवेचा आणि खडबडीत प्लास्टरला लांब लवेचा रोलर लागतो.

पुट्टीची पट्टी लवचिक, सरळ धारेची असावी. पॉलिश पेपर १२० आणि २२० नंबरचे घ्यावेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा रंग भराभर वाळून रोलरच्या शेजारच्या पट्ट्यांमधले जोड दिसतात. म्हणून उन्हाळ्यातच काम काढायचे असेल, तर भरपूर रंग धरणाऱ्या रोलरवर पैसे वाचवू नयेत.