बाप-लेकाची विनोदी पटकथा: भांडण विचारांचं नको, बटणाचं लिहा

बाप आणि मुलगा यांच्या दोन जगांवर कौटुंबिक विनोदी सिनेमा लिहायला घेतला की वहीत पहिल्यांदा एक तक्ता आखला जातो. डावीकडे गाव, उजवीकडे शहर; डावीकडे भाकरी, उजवीकडे पास्ता. तो तक्ता फाडून टाका. त्यातून दोन भाषणं निघतात आणि मध्यंतरापर्यंत प्रेक्षकाला दोन्ही पाठ झालेली असतात.

सुरुवात तीन प्रश्नांनी करा. दोघं एका घरात का अडकले? त्यांचं घड्याळ कुठे आडवं येतं? आणि भांडण नेमक्या कुठल्या वस्तूवरून पेटतं?

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. आबा, वय ६७, कराडजवळच्या गावातले, एसटीतून चालक म्हणून निवृत्त. मुलगा ३६ वर्षांचा, पुण्यात वाकडला दोन बेडरूमचा फ्लॅट, काम अमेरिकेतल्या क्लायंटचं. घरात सून आणि सात वर्षांची नात.

आता कोंडी. ‘आबा चार दिवस राहायला आले’ एवढ्यावर सिनेमा उभा राहत नाही. पहिल्याच खटक्याला प्रेक्षक म्हणतो, मग स्वारगेटला जाऊन एसटी पकडा की. म्हणून जाण्याची वाट बंद करणारं कारण हवं, आणि ते शरीराचं किंवा कागदाचं असेल तर उत्तम. मोतीबिंदूचं ऑपरेशन यासाठी सोन्यासारखं आहे. त्यानंतर साधारण चार ते सहा आठवडे थेंब घालावे लागतात आणि स्टेरॉइडचे थेंब सहसा टप्प्याटप्प्याने कमी होतात. म्हणजे पटकथेला आयतं कॅलेंडर मिळालं. शिवाय सुरुवातीला वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. यातली प्रत्येक मनाई म्हणजे एक सीन.

मोसम दिवाळीचा घ्या. नरक चतुर्दशीला उजाडण्याआधी अभ्यंगस्नान हवंच, आणि डोक्यावरून पाणी घ्यायला डॉक्टरांची मनाई. मग तेल-उटणं लावणार कोण, तांब्या कुणाच्या हातात, काळा चष्मा लावून पाटावर कोण बसणार? हा प्रसंग डोळे मिटून लिहिला तरी हसू येतं. पण इथे एक सांभाळा. हसू परिस्थितीचं येऊ दे, आबांच्या अंगाचं नको.

घड्याळाचं गणितही कागदावर मांडा. आबा नऊला झोपणार आणि साडेचारला उठून चहाचं आधण ठेवणार, पहिल्या गाडीची सवय. मुलाचा कॉल रात्री साडेनऊला, म्हणजे न्यूयॉर्कला दुपारचे बारा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि हाच कॉल इथे साडेदहाला सरकतो. ‘घड्याळ मागं जातंय म्हणं’ यावर आबांचा विश्वास बसणं शक्यच नाही. पोरगा थापा मारतोय असा संशय आणायला वेगळं प्रकरण रचावं लागत नाही.

वस्तू निवडताना कसोटी एकच: तिच्याबाबत दोघंही बरोबर असले पाहिजेत. इथे वस्तू आहे वायफायच्या राउटरचं बटण. रात्री जाग आली की आबा उठून घरातलं प्रत्येक बटण बंद करतात. महावितरणच्या बिलात शंभर युनिटनंतरचं प्रत्येक युनिट महाग पडतं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. अडाणीपणा नाही, हिशोब आहे. राउटर दहा वॅटचा धरला तर चोवीस तासांत पाव युनिटही जळत नाही, हा मुलाचा हिशोबही तितकाच खरा. आता सीन लिहा:

मुलगा: आबा, वायफाय तुम्ही बंद केलं का?
आबा: कुठलं वायफाय? मी दिवा बंद केला.
मुलगा: तो दिवा नाही. मी अमेरिकेशी बोलत होतो.
आबा: मग बोल की. अमेरिकेशी दिवा लावून बोलाय लागतं व्हय?
मुलगा: दिवसभर चालला तरी पाव युनिट जळत नाही त्याला.
आबा: पाव युनिट काय तुझ्या बापाचं हाय?

इथेच कापा. मुलाचा चेहरा, सुनेचं हसू, नातीचं ‘म्हणजे काय?’ असं काही जोडलं की विनोद समजावून सांगितल्यासारखा होतो. आणखी एक बघा: दोघांपैकी कुणीही ‘तुमची पिढी’, ‘आमच्या काळी’, ‘संस्कार’ हे शब्द काढलेले नाहीत. पहिला खर्डा झाला की हे तीन शब्द शोधा आणि सापडतील तिथे तो संवाद नव्याने लिहा.

हेच बटण तीनदा आणा. एकशे दहा मिनिटांचा सिनेमा धरला तर पहिल्यांदा पंधराव्या मिनिटाच्या आसपास, दुसऱ्यांदा मध्यंतराच्या तोंडावर आणि तिसऱ्यांदा नव्वदीच्या पुढे. दुसऱ्या वेळी किंमत वाढली पाहिजे. कॉल तुटल्याने हातातलं काम जायची वेळ येते. तिसऱ्या वेळी अर्थ बदलला पाहिजे, पण मुलाने स्वतः बटण बंद करणं हा मोह टाळा, तो शेवट कुणालाही सुचतो. त्यापेक्षा आबांनी बटणावर चिकटपट्टी लावून एसटीच्या अक्षरांत ‘राखीव’ लिहून ठेवलेलं दिसलं तर ते त्यांच्याच स्वभावातून येतं.

भाषेवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. गावाकडच्या घरात आबांना ‘तुम्ही’, आईला ‘तू’. पुण्याच्या फ्लॅटमध्ये नात आपल्या बापाला बिनदिक्कत ‘ए बाबा, तू इकडे ये ना’ म्हणते. आबांना हे टोचतं, पण ते बोलून दाखवत नाहीत. पेपर जरा जोरात दुमडतात. मुलाला तीन भाषा द्या: कॉलवरची इंग्रजी, बायकोशी पुणेरी वळणाची मराठी आणि आबांशी या दोन्हींच्या मधलं काहीतरी. राग आला की मात्र त्याच्या तोंडून अस्सल कराडचं ‘आवं पण’ आणि ‘म्या कवा म्हणलं?’ बाहेर पडू दे. भांडणाच्या भरात मुलगा बापासारखा बोलायला लागतो. हे कुणी बोट दाखवून सांगायचं नाही, कानांना कळतं. बोली मात्र अंदाजाने लिहू नका. कराड, कोल्हापूर आणि सोलापूर यांचे हेल वेगळे आहेत; त्या भागातल्या माणसाकडून संवाद मोठ्याने वाचून घ्या आणि तो अडखळेल तिथे खूण करा.

सिनेमाचं काळीज थेंबांच्या सीनमध्ये आहे. दोन वेगळ्या बाटल्या असल्या की पहिल्या थेंबानंतर दुसरा घालण्याआधी निदान पाच मिनिटं थांबायचं असतं. म्हणजे दिवसातून काही वेळा हे दोन पुरुष गुडघ्याला गुडघा लावून बसलेत, बापाची मान मागे, डोळे मिटलेले, मुलाच्या हातात बाटली. एरवी एकमेकांना हातही न लावणारी माणसं. पहिल्या आठवड्यात मुलगा ही पाच मिनिटं मोबाइल बघण्यात घालवतो. दुसऱ्यात आबा मिटल्या डोळ्यांनीच विचारतात, ‘किती झाली?’ आणि मुलगा तीन असताना चार सांगतो. आबा मनात मोजत असतात. शेवटच्या टप्प्यावर थेंब दिवसातून एकदाच उरलेले असतात, तेव्हा मुलगा न विचारलेलं काहीतरी बोलतो. तो काय बोलतो हे तुमचं तुम्ही ठरवा, पण तीन वाक्यांच्या पुढे जाऊ नका. आणि आबांचे डोळे उघडे नकोत. नजरेला नजर भिडली की दोघंही गप्प होतील.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा सुनेत. ती नुसती पंच आणि चहावाली झाली की सिनेमा लंगडा होतो. तिला तिचं स्वतःचं भांडण द्या, शक्यतो नवऱ्याशी, आणि त्यात आबा तिच्या बाजूने उभे राहू देत. दुसरी खोट शहाण्या नातीची. सात वर्षांची मुलगी मोठ्यांना शहाणपणाचं वाक्य सुनावते तेव्हा लेखक थकलेला असतो.

लांबी मोजायला ‘एक पान एक मिनिट’ हा नियम इंग्रजी पटकथेच्या ठरावीक टायपात आणि मांडणीत चालतो. देवनागरीत फॉन्ट आणि ओळींमधली जागा बदलली की पानांचा हिशोब बिघडतो. म्हणून घड्याळ लावून वाचन करा, कृतीच्या ओळींसह. चारपाच जण बसवा, स्वतः काही वाचू नका, आणि हसू आलं त्या ओळीला बरोबरची खूण करा. सलग सहासात मिनिटं खूण नसेल तर तिथला एक सीन जास्तीचा आहे. खर्डा बाहेर दाखवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून घ्या. सभासद झालात की हे ऑनलाइन होतं.

शिव्यांचा निर्णयही लिहितानाच घ्या. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर सेन्सॉर बोर्डाच्या यूए प्रमाणपत्राचे (मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायचे सिनेमे) वयानुसार ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. नातवंडांसह सगळं घर थिएटरात यावं असं वाटत असेल तर आबांच्या तोंडी ड्रायव्हरी शिव्यांपेक्षा ड्रायव्हरी उपमा घाला. त्या जास्त हसवतात.

शूटिंगसाठी खरा फ्लॅट घेणार असाल तर सोसायटीची लेखी परवानगी आणि लिफ्टचा आवाज या दोन गोष्टी आधी तपासा. जेवणाच्या सीनला भाकरी लिहिली असेल तर प्रत्येक टेकला तोडलेला तुकडा तेवढाच दिसायला हवा. सहा टेक आणि तीन कोन म्हणजे अठरा वेळा तेच ताट. भाकरी गार झाली की वातड होते आणि वेगळी तुटते, म्हणून गरम भाकऱ्या फडक्यात गुंडाळून हाताशी ठेवा, किंवा सरळ वरण-भात लिहा. थेंबांच्या शॉटला खरं औषध कधीच वापरायचं नाही. कॅमेरा बाजूने लावा, थेंब गालावर नाकाकडच्या कोपऱ्याजवळ पडू दे. पडद्यावर तो डोळ्यातच पडल्यासारखा दिसतो.

आणि आवाज जागेवरच घेणार असाल तर पंखा आणि फ्रिज बंद करावे लागतात. फ्रिज पुन्हा चालू करायचं हमखास राहून जातं आणि घरमालकाचं दूध नासतं. त्यावर जुना उपाय: बंद करताना गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची.