एच-इंडेक्स सांगण्याआधी या चुका टाळा

मेडिकल कॉलेजात प्रमोशनचे दिवस आले की विभागात एकच विचारणा सुरू होते, "मॅडम, तुमचा एच-इंडेक्स किती?" मग गूगल स्कॉलर हे शोधनिबंधांचं शोधयंत्र उघडायचं, दिसेल तो आकडा उतरवायचा आणि बायोडेटात टाकायचा. त्या आकड्याच्या पोटात नेमके कोणाचे पेपर आहेत, हे फार थोडे जण उघडून बघतात. बहुतेक घोळ तिथेच असतो.

तुमच्या जितक्या पेपरना किमान तितकीच सायटेशन्स, म्हणजे इतर लेखांनी दिलेले संदर्भ, मिळाली आहेत, तो मोठ्यात मोठा आकडा म्हणजे एच-इंडेक्स. मोजायची रीत सोपी आहे. होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ती 2005 साली मांडली. समजा, एका डॉक्टरांच्या सात पेपरना 48, 22, 9, 6, 5, 5 आणि 3 सायटेशन्स आहेत. उतरत्या क्रमाने मोजत या. पाचव्या पेपरला 5 आहेत, म्हणजे चाललं. सहाव्याला किमान 6 हवी होती, पण आहेत 5. एच-इंडेक्स 5. पहिल्या पेपरला 48 ऐवजी 4800 सायटेशन्स मिळाली असती तरी उत्तर 5च राहिलं असतं. म्हणून नुसता एच-इंडेक्स देऊ नका, सोबत एकूण सायटेशन्सही द्या.

नावांचा गोंधळ

आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान यातच होतं. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसमध्ये सहसा आडनाव आणि आद्याक्षरं एवढ्यावर शोध घेतला जातो. "पाटील एस" टाका, संजय, सुनीता, सचिन सगळे एकाच रांगेत येतात. त्यात आपलं नाव तीन भागांचं. एका पेपरवर वडिलांचं आद्याक्षर असतं, दुसऱ्यावर गाळलेलं, तिसऱ्यावर लग्नानंतरचं आडनाव. मग स्कोपस हा सायटेशन्स मोजणारा डेटाबेस एकाच बाईंची दोन-तीन प्रोफाइल तयार करतो आणि त्यांचं काम विखुरतं. नाव बदललेल्या कितीतरी संशोधक स्त्रियांची निम्मी कारकीर्द अशी नजरेआड राहते, हे मला फार खटकतं.

प्रोफाइल जोडताना आणखी एक चूक होते. एकीकडे 6 आणि दुसरीकडे 5 दिसलं की लोक 11 लिहून मोकळे होतात. एच-इंडेक्सची बेरीज होत नाही. सगळे पेपर एकाच यादीत लावून पुन्हा मोजा. उत्तर 6 पासून 11 पर्यंत काहीही येऊ शकतं.

उपाय: ऑर्किड (ORCID) हा संशोधकाची ओळख पटवणारा क्रमांक काढा. तो सोळा अंकी आहे, फुकट मिळतो आणि 2012 पासून चालू आहे. पेपर पाठवताना दर वेळी तो भरा, आणि नाव कसं लिहायचं ते एकदाच ठरवा. स्कोपसवर प्रोफाइल जोडण्याची विनंती करता येते. गूगल स्कॉलरच्या सेटिंगमध्ये "आपोआप बदलू नका, आधी ईमेलने विचारा" हा पर्याय निवडा, नाहीतर नावबंधूंचे पेपर गुपचूप तुमच्या खात्यात येऊन बसतात.

दोन डेटाबेसची सरमिसळ

गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेले लेख), परिषदांचे गोषवारे असं सगळं मोजतं, म्हणून तिथला आकडा सहसा मोठा असतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे डेटाबेस निवडक प्रकाशनंच धरतात. पबमेड तर एच-इंडेक्स देतच नाही. तेव्हा एका उमेदवाराचा गूगलचा आकडा आणि दुसऱ्याचा स्कोपसचा, अशी तुलना सरळ अन्यायाची आहे. आकड्याशेजारी डेटाबेसचं नाव आणि पाहिल्याची तारीख लिहा.

इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज

"एकूण इम्पॅक्ट फॅक्टर 37.4" अशी ओळ बायोडेटात दिसते. तिला अर्थ नाही. इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो: आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना त्या वर्षी मिळालेल्या सायटेशन्सची सरासरी. मोजक्या गाजलेल्या लेखांनी ती वर ओढली जाते, बाकीचे लेख त्यांच्या सावलीत मोठे दिसतात.

पत्रं गाळणं आणि गर्दीतलं नाव

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर घ्या. विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून त्यांनी कोकणात रुग्ण वाचवले आणि आपली निरीक्षणं 1982 पासून 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमध्ये मांडली, त्यातली बरीचशी संपादकांना लिहिलेल्या पत्रांच्या रूपात. "फक्त मूळ संशोधनलेख" असा फिल्टर लावलात की ही पत्रं यादीतून उडतात. 2011 साली 'बीएमजे'मध्ये त्यांची चाचणी आली: नुसतं प्राझोसिन की जोडीला विंचवाचं प्रतिविष. लेखक दोनच, हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी. आद्याक्षरं नीट पाहिली नाहीत तर दोघांच्या याद्याही एकमेकांत मिसळतील.

याउलट जगभरातल्या आजारांचा भार मोजणाऱ्या 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' प्रकल्पाच्या पेपरांवर शेकडो लेखक असतात आणि सायटेशन्स हजारोंनी. तिथलं नाव खोटं नाही, पण पहिल्या लेखकाचं श्रेय आणि चारशेव्या लेखकाचं श्रेय एच-इंडेक्स एकाच मापाने मोजतो. असे पेपर वेगळे काढून आकडा दोन्ही प्रकारे दाखवा.

सायटेशन म्हणजे शाबासकी, हा समज

अँड्र्यू वेकफिल्ड यांचा लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा 1998 चा पेपर 'लॅन्सेट'ने 2010 साली मागे घेतला. त्याला हजारो सायटेशन्स आहेत आणि त्यांतली पुष्कळशी तो खोडून काढणारी. यादीतला कुठलाही पेपर मागे घेतलेला आहे का, हे पबमेडवर बघून घ्या. तिथे तसा ठळक शिक्का असतो.

प्रमोशनपुरतं म्हणाल तर एनएमसीचा (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा) रोख एच-इंडेक्सवर नाही. जर्नल कोणत्या डेटाबेसच्या यादीत (इंडेक्स्ड) आहे, लेख कोणत्या प्रकारचा आहे आणि लेखकांत तुमचं नाव कितवं आहे, हे पाहिलं जातं. तिथे आधी लक्ष द्या. आणि प्रोफाइलच्या दुरुस्तीचे अर्ज लगेच मार्गी लागत नाहीत, त्यामुळे मुलाखतीची तारीख कळायच्या आधीच ते करून ठेवा.