सायलेन्सर बदललाय? मोठा जेट घेण्याआधी हे करा

जुन्या कार्ब्युरेटरच्या बुलेटला फ्री-फ्लो (धूर कमी अडवणारा) सायलेन्सर लावला की थ्रॉटल सोडताच फटफट आवाज येतो, मध्येच गाडी अडखळते. मिश्रण पातळ झालेलं असतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. पण थेट मोठा जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक छिद्राचं नोझल) टाकू नका, बऱ्याच गाड्यांना त्याची गरजच नसते.

१. आधी बेंड पाइपचा (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा पाइप) इंजिनाशी असलेला जोड बघा. तिथल्या गॅस्केटमधून (जोडातली सील) धूर गळत असेल तर कितीही ट्यूनिंग करा, फटफट जाणार नाही.

२. इंजिन चांगलं गरम करा. कार्ब्युरेटरवरचा एअर स्क्रू (मिश्रण ठरवणारा) हलक्या हाताने पूर्ण आत न्या, मग दीड वळसा बाहेर. तिथून पाव-पाव वळसा फिरवत आयडलिंग सगळ्यात जास्त कुठे चढतं ते शोधा, मग आयडल स्क्रूने (आयडलिंगचा वेग ठरवणारा) आरपीएम खाली आणा. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर आत फिरवल्यावर मिश्रण घट्ट होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर नेमकं उलटं. इथेच बहुतेक जण चुकतात.

३. अर्ध्या थ्रॉटलला अडखळत असेल तर कार्ब्युरेटरमधल्या सुईची (थ्रॉटलसोबत वरखाली होऊन पेट्रोल कमी-जास्त करणारी) क्लिप एक खाच खाली सरकवा. सुई वर येते, पेट्रोल वाढतं, खर्च शून्य.

४. फुल थ्रॉटलचा अंदाज स्पार्क प्लगच्या रंगावरून घ्या. मोकळ्या रस्त्यावर जोरात पळवून क्लच दाबा, लगेच इंजिन बंद करा, प्लग काढा. विटकरी-तपकिरी असेल तर झालं. पांढरा असेल तरच मेन जेट एक नंबर मोठा.

प्लग पांढरा असताना गाडी लांब पळवू नका. पिस्टन जाम होतो, टू-स्ट्रोकमध्ये तर फारच लवकर.