कामात अर्थ सापडत नाही? वहीत ठिपके मोजा

‘देवानं मला नेमकं कोणत्या कामासाठी बोलावलंय?’ हा प्रश्न वर्षानुवर्षं उराशी धरून बसणारे पुष्कळ असतात. प्रश्न एवढा मोठा, तर उत्तरही तसंच दणदणीत येईल, म्हणून वाट बघतात. येशूसंघ या कॅथलिक संघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला याची रीत उलटी आहे. त्याच्या साधनापुस्तकाला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली. त्यातली स्वतःच्या वागण्याची एक तपासणी फक्त वही-पेन मागते.

आधी एक गैरसमज बाजूला करू. काम ही पापाची शिक्षा नव्हे. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्ती २:१५ मध्येच बागेची मशागत आणि राखण माणसाकडे सोपवलेली आहे. काटे, कुसळे आणि निढळाचा घाम पापानंतर, तिसऱ्या अध्यायात येतात. तेव्हा काम कंटाळवाणं वाटलं म्हणजे पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, चुकलं, असं होत नाही.

आता वही. कामातली एकच खोड निवडा, आणि ती मोजता येईल अशी हवी. ‘चांगलं वागेन’ मोजता येत नाही. ‘मान वर न करता कागद परत सरकवतो’ हे येतं. समजा, तुम्ही रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीवर बसता. डिस्चार्जचा कागद घेऊन आलेली बाई सकाळपासून तीन खिडक्या फिरलीय, आणि तुम्ही स्क्रीनवरून नजर न काढता म्हणता, ‘सही नाही, वर जा.’ हा एक ठिपका.

पानावर सात दिवसांसाठी दोन-दोन ओळी आखा. वरची दुपारच्या जेवणापर्यंतची, खालची रात्रीपर्यंतची. सकाळी उठल्याबरोबर खोड आठवायची. दुपारी आणि रात्री तासातासाचा हिशेब घेऊन तेवढे ठिपके द्यायचे. मध्येच चूक झाली, तर त्याच क्षणी छातीवर हात ठेवायचा. चारचौघांतही हे जमतं, कुणाच्या लक्षात येत नाही. मग दुपारची ओळ रात्रीच्या ओळीशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा.

रात्री दहा-पंधरा मिनिटं पुरतात. क्रम असा: आभार, स्वतःला नीट दिसावं म्हणून कृपा मागणं, दिवसाची उजळणी, क्षमा, उद्याचा निश्चय, शेवटी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. बहुतेकांचं इथंच बिनसतं. आभार गाळून थेट उजळणीला बसतात, आणि आठवड्याभरात वही म्हणजे स्वतःला झोडपण्याची छडी होते. दुसरे साहेबाचे ठिपके मोजू लागतात.

एक भर आमची: आभाराच्या वेळी, आज आपलं काम ज्याच्यापर्यंत पोचलं अशा एकाच माणसाची नोंद करा. नाव ठाऊक नसेल तर ‘निळ्या छत्रीवाले आजोबा’ चालेल. चार आठवड्यांनी नोंदी सलग वाचा. कोणत्या प्रकारची माणसं पुन्हा पुन्हा येतात, ते बघा. पाचारणाचा शोध तिथून सुरू करायचा. एकही नोंद सुचली नाही, तर तीही माहितीच आहे.

‘प्रभूसाठी म्हणून करा’ हे कलस्सैकरांस पत्रातलं वचन (३:२३) काही मालकांना फार आवडतं. ते दासांना उद्देशून आहे, आणि लगेच ४:१ मध्ये धन्यांना न्यायानं वागायला बजावलंय. याकोब ५:४ मध्ये तर अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडते. थकलेला पगार मागणं हे श्रद्धेच्या आड येत नाही. कामच कुणाला फसवण्याचं असेल, तर ठिपके कमी करून ते शुद्ध होत नाही. तिथं सोडण्याचाच विचार करायचा.

पण राजीनामा कधी लिहायचा? इग्नेशियसचा नियम स्पष्ट आहे: मन उदास, कोरडं असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. सोमवारी रात्री लिहिलेलं पत्र वहीतच ठेवा. मन स्थिर असलेल्या दिवशी, प्रार्थनेनंतर, ते पुन्हा वाचा. तेव्हाही पटलं, तर धर्मगुरूंना किंवा मंडळीतल्या एखाद्या जाणत्या माणसाला दाखवा आणि मगच पाठवा.