दगड का फुटतो? कारण शोधताना या चुका टाळा

घाटात दरड कोसळली की "उन्हानं तापून दगड तडकला" असं कोणीतरी म्हणतंच. एकट्या उन्हाला एवढं श्रेय देऊ नका. डेव्हिड ग्रिग्ज या अमेरिकन भूशास्त्रज्ञानं १९३६ साली ग्रॅनाइटचा घासून चकचकीत केलेला तुकडा कोरडाच तापवला आणि गार केला, सुमारे ८९,४०० वेळा. दिवस-रात्रीच्या हिशेबात ही २४४ वर्षं झाली. दगडात फरक दिसेना. मग गार करताना त्यावर पाणी सोडलं, तर थोड्याच दिवसांत चकाकी गेली आणि तडे उमटू लागले. म्हणजे कारण शोधायचं तर आधी पाणी कुठून शिरतं ते बघा.

बर्फाचंही तसंच. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि भेग रुंदावतं, पण ते लडाख-स्पितीत. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी कधीमधी दव गोठतं, त्याच्या बातम्याही होतात. तेवढ्यानं सह्याद्रीचे कडे फुटत नाहीत.

मग आपला काळा कातळ फुटतो कशानं? तो जन्मापासूनच फुटलेला असतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थिजताना आकसला आणि त्याला उभे-आडवे तडे गेले. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब हे त्याचंच ठळक रूप. या तड्यांतून पावसाचं पाणी उतरतं आणि आतली खनिजं कुजवत जातं. चौकोनी ठोकळ्याच्या कोपऱ्यावर ते तीन बाजूंनी चढाई करतं, सपाट बाजूवर एकीकडूनच. म्हणून कोपरे आधी झिजतात आणि ठोकळा गोल होतो. रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथं असे गोटे दिसले की "पूर्वी इथून नदी वाहत असणार" असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका. जवळ जाऊन बघा: बाहेर तपकिरी, नखानं सुटणारे कांद्यासारखे पापुद्रे आणि आत निळसर काळा टणक गाभा. नदीतल्या गोट्याला असे पापुद्रे नसतात. (बघायला जाल ते पावसाळा सोडून, आणि कड्याखाली फार रेंगाळू नका.)

सगळा काळा दगड एकच समजणं ही विहिरीवरची महागडी चूक. घट्ट पाषाण फोडायला जीव काढतो, पण नंतर जागेवर राहतो. विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात, त्यात लाव्ह्यातल्या वायूची भोकं पांढुरक्या खनिजांनी भरलेली असतात. तो झपाट्यानं खणला जातो, त्यामुळं मालक खूश आणि बाजू बांधायचं काम पुढच्या वर्षावर. उघडा पडल्यावर ऊन-पाणी लागलं की यातला काही दगड भुगा होऊन सुटायला लागतो. बांधकाम लांबवू नका.

कोकणातल्या जांभ्याचं गणित उलटं. खाणीतून निघताना मऊ, वाऱ्यावर पडला की कडक. तिकडचा अनुभव इकडं लावू नये.

शहाबादी फरशी आणि कडप्पा हे चुनखडीचे दगड. त्यावर संडास साफ करायचं ॲसिड ओतलं की येणारा फेस मळाचा नसतो, दगडाचा असतो.

फोडायचाच असेल तर मधोमध घण घालत बसू नका. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. ताणाची ताकद दाबाच्या साधारण दहावा हिस्सा. म्हणून आधीची भेग शोधायची, ती नसेल तर एका रेषेत भोकं पाडून पाचरी बसवायच्या आणि प्रत्येकीवर आळीपाळीनं हलके ठोके द्यायचे. एकाच पाचरीवर राग काढला की दगड भलतीकडंच फुटतो.

डोंगराला लागून घर असेल तर मागच्या संरक्षक भिंतीतली पाणी निघायची भोकं "ओल येते" म्हणून सिमेंटनं बुजवू नका. अडलेलं पाणी भिंतीला मागून रेटतं. ती भोकं मे महिन्यातच पहारीनं मोकळी करून घ्या.